नेमणूक सरकारची, जाब सचिवाला

तिमाही संपली की मुंबईतील दोन्ही शेअर बाजारांची दंडाची पत्रे अनेक सार्वजनिक उपक्रमांच्या मुख्यालयांकडे निघतात. विषय बहुधा एकच असतो. संचालक मंडळावर पुरेसे स्वतंत्र संचालक नाहीत, अथवा महिला संचालकाची जागा रिकामी आहे. पत्र कंपनी सचिवाच्या टेबलावर येते आणि उत्तरही तोच धाडतो. संचालक नेमण्याचा अधिकार भारत सरकारचा आहे, संबंधित मंत्रालयाला वेळोवेळी विनंती केली आहे, कंपनीकडून हयगय झालेली नाही, सबब दंड माफ व्हावा, असा त्या उत्तराचा ठरलेला मसुदा. २०२३ आणि २०२४ मध्ये इंडियन ऑइल, ओएनजीसी, गेल अशा बड्या कंपन्यांवर असे दंड लागोपाठच्या तिमाहींत झाले. दर दिवसाला ५,००० रुपये हा त्याचा दर. या कंपन्यांच्या उलाढालीपुढे ही रक्कम म्हणजे चणेफुटाणे. परंतु कायद्याने ज्याला अनुपालनाचा राखणदार नेमले, त्यालाच मालकाच्या वतीने दर तीन महिन्यांनी माफीनामा लिहावा लागावा, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

हा राखणदार कोण, हे सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्यांनाही अनेकदा नीट ठाऊक नसते. 'सचिव' या शब्दाने घोटाळा होतो. मंत्रालयातील सचिव खात्याचा प्रशासकीय प्रमुख असतो, तर कंपनी सचिव कंपनी आणि कायदा यांच्यामधील उंबरठ्यावर उभा असतो. सभेची सूचना काढणे, इतिवृत्त लिहिणे, निबंधकाकडे विवरणपत्रे भरणे ही त्याची दिसणारी कामे. त्यामुळे फार काळ त्याच्याकडे वरिष्ठ कारकून म्हणूनच पाहिले गेले. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना संसदेने मंजूर केलेल्या १९५६ च्या कायद्यात 'सेक्रेटरीज अँड ट्रेझरर्स' अशी एक व्यवस्था होती खरी, पण ती मॅनेजिंग एजन्सीचीच सख्खी बहीण होती. एप्रिल १९७० मध्ये दोन्ही मोडीत निघाल्या. १९७४ च्या दुरुस्तीने ठरावीक भांडवलावरील कंपन्यांना पूर्णवेळ सचिव सक्तीचा झाला, आणि १९८० च्या स्वतंत्र कायद्याने या व्यवसायाच्या संस्थेला वैधानिक दर्जा मिळाला. दिल्लीत लोदी रोडवर या संस्थेचे मुख्यालय आहे. अनेक सार्वजनिक उपक्रमांची कार्यालये असलेले 'स्कोप' संकुल त्याच रस्त्यावर आहे, हा केवळ योगायोग.

खरा बदल २०१३ च्या कंपनी कायद्याने झाला. कंपनी सचिवाची गणना व्यवस्थापकीय संचालक आणि मुख्य वित्त अधिकारी यांच्याबरोबरीने 'प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी' म्हणून झाली. कलम २०३ अन्वये प्रत्येक सूचीबद्ध कंपनीने आणि १० कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवलाच्या सार्वजनिक कंपनीने पूर्णवेळ सचिव नेमलाच पाहिजे. नेमणूक संचालक मंडळाच्या ठरावाने, वेतन व अटींसह व्हावी आणि जागा रिकामी झाल्यास सहा महिन्यांत भरावी. सूचीबद्ध कंपन्यांना 'सेबी' यासाठी सर्वसाधारणपणे तीनच महिने देते. कलम २०५ तर स्पष्टच सांगते की, कंपनी कायदा पाळते आहे की नाही, याचा अहवाल सचिवाने मंडळापुढे ठेवावा. डिसेंबर २०२४ मध्ये 'सेबी'ने आणखी एक पाऊल टाकले. अनुपालन अधिकारी कंपनीच्या पूर्णवेळ सेवेत असावा आणि संचालक मंडळापासून एका पायरीपेक्षा खाली नसावा, असे नियमात आले.

पायरी वाढली, कवच मात्र मिळाले नाही. लेखापरीक्षकाला मुदतीआधी काढायचे तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आणि भागधारकांचा विशेष ठराव लागतो. सूचीबद्ध कंपनीत मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नेमणुकीला लेखापरीक्षण समितीची संमती लागते. सचिवासाठी यांपैकी काहीही नाही. ज्या मंडळाच्या चुका त्याने इतिवृत्तात नोंदवायच्या, तेच मंडळ त्याला नेमते, पगारवाढ देते आणि नकोसा झाला की निरोपही देते. राजीनाम्याचे पत्र कारणांसह शेअर बाजाराला कळवण्याचा नियम २०२३ मध्ये आला, हे चांगलेच झाले. पण पुढची नोकरी शोधायला निघालेला माणूस त्या पत्रात 'वैयक्तिक कारण' याखेरीज दुसरे काय लिहिणार?

खासगी क्षेत्रात सरकारची पावले उलटसुलट पडली. २०१४ च्या एप्रिलमध्ये लागू झालेल्या नियमांतून खासगी कंपन्या सुटल्या होत्या. जूनमध्ये ५ कोटींची मर्यादा घालून त्यांना पुन्हा आत आणले गेले. २०२० मध्ये ती मर्यादा १० कोटी झाली. व्यवसायसुलभतेचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, लहान कंपनीला पूर्णवेळ पगारी सचिव जड जातो. तरीही दंडाचा तक्ता पाहिला की कायद्याची नजर कळते. सचिव न नेमणाऱ्या कंपनीला ५ लाख रुपये आणि कसूरदार अधिकाऱ्याला सुरुवातीला ५० हजार. काही कंपन्यांना वर्षभराच्या पगारापेक्षा दंडच परवडेल.

सार्वजनिक उपक्रमांत या दुबळेपणाला वेगळीच धार येते. सरकारने जून २०१५ मध्ये आपल्या कंपन्यांना काही सवलती दिल्या. कलम २०३ मधून व्यवस्थापकीय संचालकाची नेमणूक वगळली, कारण ती मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीकडून होते. सचिवाला मात्र वगळले नाही. म्हणजे संचालक नेमण्याचे स्वातंत्र्य सरकारने स्वतःकडे ठेवले, आणि ते वेळेवर न वापरल्याचा जाब ज्या अधिकाऱ्याकडून मागितला जातो, त्याच्या हातात ना फाइल, ना सही. स्वतंत्र संचालकांच्या या जागा सत्ताधाऱ्यांच्या माणसांची सोय लावण्यासाठी वापरल्या जातात, ही टीका सर्वच राजवटींत होत आली आहे. त्या टीकेत तथ्य असेल, तर नावांवर एकमत होईपर्यंत खुर्च्या रिकाम्या राहणे ओघानेच आले.

या संपूर्ण साखळीत गंमतीची म्हणावी अशी एक गोष्ट आहे. अशा बहुतेक मंडळांवर मंत्रालयाचा एखादा संयुक्त सचिव सरकारनियुक्त संचालक म्हणून बसतो. कंपनी सचिव अनुपालनाचा अहवाल वाचतो, रिकाम्या जागांचा उल्लेख करतो, आणि संयुक्त सचिव तो ऐकून आपल्या मंत्रालयात परततो. नेमणुकीची फाइल पडून असते, ती तिथेच.

स्वतंत्र संचालकाची नेमणूक सामान्यतः तीन वर्षांची असते. जागा कोणत्या तारखेला रिकामी होणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. सहा महिने आधी प्रक्रिया सुरू करणे मंत्रालयाला अशक्य नाही. तसे झाले नाही, तर विलंब कोणत्या टप्प्यावर झाला, हे कंपनीच्या वार्षिक अहवालात मंत्रालयाच्या नावानिशी छापले जावे. तो अहवाल संसदेच्या पटलावर ठेवला जातो आणि सचिवीय लेखापरीक्षकाचा शेराही त्याला जोडलेला असतो. सार्वजनिक उपक्रम समितीचे सदस्य कंपनीच्या अध्यक्षांना बोलावतातच, त्यांनी त्या शेऱ्याचे पान उघडून प्रश्न मंत्रालयाच्या सचिवांना विचारावा. आणि कंपनी सचिवाला पदावरून दूर करायचे असेल, तर किमान स्वतंत्र संचालकांच्या बहुमताची अट कायद्यात यावी. अर्थात, त्यासाठी मंडळावर आधी स्वतंत्र संचालक असावे लागतील.