थंडीत इंजिन रुसले तर



पौष लागला की आमच्या सेवाग्रामच्या आजूबाजूच्या गावांत सकाळी एकच तक्रार कानी येते. "साहेब, काल सांजेपर्यंत मशीन बरोबर चालली. आज रस्सी ओढून ओढून खांदा निघाला, पण सुरू होत नाही." कोणाकडे संत्र्याच्या बागेतला पॉवर विडर असतो, कोणाकडे पेट्रोलचा फवारणी पंप, तर एखाद्याच्या वाड्यात जुनी पेट्रोलची जीप असते. यंत्रे वेगवेगळी, पण तिन्हींत कार्बोरेटर आहे आणि तिन्हींचे दुखणे एकच आहे.

आधी कारण समजून घेऊ. इंजिनात पेट्रोलचा थेंब जळत नाही, त्याची वाफ जळते. ओल्या पऱ्हाट्या चुलीत घातल्या तर नुसता धूर होतो, तसेच हे. गारठ्यात पेट्रोलची वाफ कमी होते. थेंब तसेच नळीच्या भिंतीला चिकटतात आणि ठिणगी पडूनही स्फोट होत नाही. ज्यांनी पूर्वी रॉकेलवर चालणारी इंजिने वापरली, त्यांना हे पटकन कळेल. ती पेट्रोलवर सुरू करायची आणि तापली की मग रॉकेलवर घ्यायची. थंड इंजिनात रॉकेलची पुरेशी वाफच होत नसे.

यावर उपाय म्हणून चोक दिलेला असतो. चोक लावला की हवेची वाट अडते, पेट्रोल जास्त ओढले जाते आणि त्यातून गरजेपुरती वाफ मिळते. म्हणून क्रम असा ठेवा. पेट्रोलचा कॉक उघडा आणि स्विच चालू करा. फवारणी पंपाला रबरी फुगा असेल तर त्यात पेट्रोल दिसेपर्यंत तो दाबा. चोक पूर्ण लावा, ॲक्सिलरेटर थोडासा उघडा. रस्सी आधी सावकाश ओढून अटकाव लागतो ती जागा शोधा, रस्सी परत आत जाऊ द्या आणि मग एका दमात ओढा. इंजिनाने एकदा 'फट्' केले की चोक अर्धा करा. सुरू झाल्यावर एक-दोन मिनिटे हळू चालू द्या, मग चोक पूर्ण काढा. चोक लावूनच यंत्र वावरात नेले तर काळा धूर निघतो, प्लग काळा पडतो आणि पेट्रोल वाया जाते.

चार-पाच वेळा ओढूनही सुरू झाले नाही तर थांबा. आणखी ओढत राहिलात तर इंजिन पेट्रोलने भरून जाईल. प्लग काढून पाहा. तो ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर कॉक व स्विच बंद करा, चोक काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा. प्लगची वायर दूर ठेवा आणि रस्सी पाच-सहा वेळा ओढून आतले पेट्रोल बाहेर जाऊ द्या. त्या वेळी भोकासमोर तोंड नको. प्लग पुसून, वाळवून परत बसवा. प्लग अगदी कोरडा निघाला तर पेट्रोल पोचतच नाही असे समजा. मग कॉक, गाळणी आणि टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र तपासा.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे थंडीच्या लाटेत पारा १० अंशांच्या खाली उतरतो, पण एवढ्या गारठ्याने धडधाकट इंजिन अडत नाही. जबलपूरच्या कारखान्यात बनलेली सैन्याची जोंगा गाडी पेट्रोलवर, कार्बोरेटरवरच चालायची, आणि तिच्या वाट्याला याहून कडक थंडी आली. म्हणून थंडीला दोष देऊ नका. उन्हाळ्यात झाकून गेलेला बिघाड ती उघडा पाडते. प्लगवरची काजळी, हवेच्या गाळणीतली माती, अर्धवटच बंद होणारा चोक आणि शिळे पेट्रोल, हे ते चार बिघाड.

शिळ्या पेट्रोलकडे तर आता जास्तच लक्ष द्यायला हवे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकायला आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रुळले. उसाच्या आणि मक्याच्या शेतकऱ्याला त्यातून बाजार मिळाला, ते चांगलेच. पण इथेनॉलची वाफ व्हायला साध्या पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. शिवाय ते हवेतला ओलावा ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या तळाशी बसतो आणि कार्बोरेटरला पहिल्यांदा तोच मिळतो. तेव्हा महिन्याभरापुरतेच पेट्रोल आणा. यंत्र बरेच दिवस ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करा.

जीपवाल्यांनी आधी बॅटरी पाहावी, कारण थंडीत तिचा जोर कमी होतो आणि घट्ट झालेले तेल इंजिनाला जड जाते. क्लच दाबून ठेवा, ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबा आणि चोक ओढा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या.

फवारणीसाठी तर घाई करण्याचे कारणच नाही. हरभऱ्यावर दव असताना औषध मारले तर ते पानावरून ओघळून जाते. दव उडेपर्यंत पंपही उन्हात ठेवा. दोघांचेही काम होईल.

आणि हे मात्र घरातल्या प्रत्येकाने ऐकावे. इंजिन तापवायला खाली शेकोटी किंवा पेटता बोळा कधीही धरू नका. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून रस्सी ओढू नका. इंजिन उलटा भडका मारते तेव्हा तोंड-हात भाजतात. ऊब द्यायचीच असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके कार्बोरेटरजवळच्या नळीला गुंडाळा. गाळणीत पाणी जाऊ देऊ नका आणि सुरू करण्याआधी फडके काढा. गारठा आहे म्हणून बंद कोठ्यात इंजिन चालवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. डोके दुखू लागले, चक्कर आली तर माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नका. लहान मुलांना तर ते काम सांगूच नका. कोणी भाजलेच तर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. तूप, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. मग लगेच रुग्णालय गाठा. आमच्या भागातल्या लोकांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे.

तहान लागल्यावर विहीर खोदू नये. या आठवड्यात एक दुपार काढा. प्लग घासून घ्या, गाळणी धुऊन पूर्ण वाळवा, टाकीतले जुने पेट्रोल बदला आणि इंजिनाच्या तेलाची पातळी पाहा. काही इंजिनांत तेल कमी झाले की ठिणगी आपोआप बंद होते आणि माणूस उगाच प्लग बदलत बसतो. इतके करूनही रस्सीला दाद मिळाली नाही, तर मग मिस्त्रीला बोलवा.