हात तुझा, सातबारा त्याचा

गॅलरीत एक खोली रिकामी ठेवायची. कोपऱ्यात कॅमेरा, आडोशाला कॉम्प्युटर, भिंतीला स्पीकर. माणूस आत शिरला, हात हलवला, की आवाज फुटतो. लगेच कलेचे ठेकेदार टाळ्या पिटतात : बघा लोकशाही! आता श्रोताच संगीतकार!

दोस्तहो, ही थाप आहे.

'हात लावू नका' या पाटीचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून कुणी 'लाव हात' म्हटलं की आपण हुरळतो. पण हात लागतो कशाला? १९६५ साली न्यूयॉर्कला जॉन केजनं 'व्हेरिएशन्स फाइव्ह' केलं. रंगमंचावर अँटेना आणि फोटोसेल. मर्स कनिंगहॅमचे नर्तक जवळून गेले की आवाज चाळवायचे. घाम नर्तकांचा, पण लोकांच्या कानावर काय पडणार हे मिक्सरवर बसलेले ठरवायचे.

१९८६ च्या व्हेनिस बिएनालेत कॅनडाच्या डेव्हिड रोकबीनं 'व्हेरी नर्व्हस सिस्टिम' मांडलं. कॅमेरा शरीराची हालचाल टिपतो, कॉम्प्युटर तिचे सूर करतो. कसब जबरदस्त, कबूल. पण जो गप उभा राहिला तो यंत्राच्या लेखी नाहीच. कुठली हालचाल मोजायची, तिला कुठला सूर द्यायचा, हे तुम्ही आत शिरण्याआधीच लिहून झालेलं असतं.

१९९६ साली ब्रायन ईनोचं 'जनरेटिव्ह म्युझिक १' फ्लॉपीवर आलं. नियम पेरायचे, सूर आपोआप उगवतात, दर वेळी नवे. पीक नवं, ठीक. सातबारा कुणाच्या नावावर?

मॅक्स न्यूहाउसनं १९६७ साली बफेलोत रस्त्याकडेला रेडिओ ट्रान्समीटर लावले. गाडीच्या रेडिओवर ऐकायचं. गाडी धावेल तसं संगीत बदलायचं. म्हणजे बुडाखाली गाडी असेल त्यालाच गाणं! पण १९७७ साली हाच माणूस टाइम्स स्क्वेअरला पायी चालणाऱ्यांत उतरला. रस्त्यातल्या लोखंडी जाळीखाली त्यानं आवाज बसवला. तिकीट नाही, पाटी नाही, स्वतःचं नाव नाही. १९९२ साली तो बंद झाला, २००२ साली पुन्हा सुरू झाला. तिथंही नियम न्यूहाउसचेच. पण 'तूच संगीतकार' म्हणून तो कुणाला भुलवत नाही. एवढा प्रामाणिकपणा गॅलरीवाल्यांनी दाखवावा.

हात हलवायची परवानगी आम्ही मागतच नाही. नियमांची वही उघडा. ज्याला वाटेल त्याला ती वाचता, खोडता, नव्यानं लिहिता आली पाहिजे. हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. मिलर पकेटनं १९९० च्या दशकात काढलेला 'प्युअर डेटा' असल्याच संगीताचं हत्यार आहे. फुकट मिळतो, त्याचा सोर्स कोड उघडा आहे.

तेव्हा पोरांनो, कॅमेऱ्यापुढं नाचून शाबासकी घेऊ नका. कॉम्प्युटरमागची खुर्ची ओढा आणि नियम लिहायला बसा.