‘मेंड’ म्हणजे दुरुस्ती?

माझ्या अनुवादातली आई मुलाचा स्वेटर तुणत होती. छापून आल्यावर ती तो ‘दुरुस्त’ करताना दिसली. संपादकांना विचारले, तर त्यांनी व्युत्पत्ती पुढे केली: इंग्रजी ‘मेंड’चे मूळ लॅटिन ‘एमेंडारे’, म्हणजे दोष काढून टाकणे, तेव्हा दुरुस्तीच बरोबर.

व्युत्पत्ती खरी आहे. ‘मेंडा’ म्हणजे दोष, व्यंग. ‘एमेंडारे’पासून फ्रेंचमार्गे ‘अमेंड’ आला आणि त्याचा पहिला स्वर गळून ‘मेंड’ उरला. पण पुढे या भावंडांची वाटणी झाली. कायद्याचे कलम ‘अमेंड’कडे गेले, पोथीचा पाठ ‘एमेंड’कडे. ‘मेंड’च्या वाट्याला मोजे, कुंपण, मोडलेले हाड आले. विझत आलेल्या आगीत लाकूड सारणे हेही इंग्रजीत ‘मेंड’च. त्या आगीत कोणता दोष होता? वापरून विरलेल्या कोपरात कोणती चूक?

मुळावरूनच अर्थ ठरवायचा, तर ‘संशोधन’ घ्या. संस्कृत मूळ एकच, शुद्ध करणे. हिंदीत संविधान संशोधन म्हणजे घटनादुरुस्ती. मराठी कानाला मात्र कोणीतरी राज्यघटनेवर पीएच.डी. करत असल्यासारखे वाटते. शब्द कुठून निघाला यापेक्षा तो आज कुठे राहतो, हे अनुवादकाने पाहायचे असते.

मराठीत ‘दुरुस्ती’ कुठे राहते? घटना, मुद्रिते, चुका यांच्यापाशी. घड्याळ, पंप, रस्ता यांच्यापाशीही. पण कापड आपण तुणतो, रफू करतो, त्याला ठिगळ लावतो. भांड्याला डाग देतो, भिंत लिंपतो, हाड सांधतो. प्रत्येक क्रियापदात हाताची वेगळी हालचाल आहे. एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द मांडणाऱ्या कोष्टकात या साऱ्या हालचाली पुसल्या जातात, आणि मग आपणच म्हणतो, मराठीत शब्द नाहीत.

हा भाषाशुद्धीचा हट्ट नाही. ‘दुरुस्त’ फारसीतून आला; ‘रफू’ही बाहेरचाच, आणि तो मला प्रिय आहे. ‘तुणणे’ आजच्या वाचकाला कळणार नाही, ही शंका असेल तर पुढच्या आवृत्तीत ‘रफू’ छापा. ‘दुरुस्ती’ मात्र काढा. ती आई कोणाची चूक सुधारत नव्हती. मुलगा थंडीत शाळेत जाणार होता.