गाणें आहे, पण सांपडत नाहीं

आमच्या मराठवाड्यांत गाण्यांचा तोटा कधींच नव्हता. नांदेड व लातूर येथील कित्येक घरांत आज दहा-वीस हजार गाण्यांचा संग्रह तळहातावर मावणाऱ्या एका डिस्कमध्यें असतो. भजनें, उपासनेचीं गीतें, नाट्यपदें, सिनेमाचीं गाणीं, शाळेच्या संमेलनांतील ध्वनिमुद्रणें आणि घरांतील वृद्ध स्त्रियांनीं म्हटलेल्या ओव्या, हें सर्व तेथें एकत्र नांदतें. परंतु प्रार्थनेची घंटा झाल्यावर हवें तें गीत शोधूं जावें, तर संगणकाच्या पडद्यावर चक्र फिरत राहतें व मुलें तिष्ठत उभीं राहतात. मग कोणीतरी म्हणतो, "यंत्र जुनें झालें, नवें घ्या." या सल्ल्याविरुद्ध चार शब्द लिहावे असें मला वाटतें, कारण पालकांचा पैसा कष्टाचा असतो, आणि यंत्र बदलून हा रोग बहुधा बरा होत नाहीं.

प्रथम दोष कोठें आहे तें पाहावें. संग्रहांतील शंभर गाणीं त्याच डिस्कवर एका निराळ्या फोल्डरमध्यें उतरून घ्यावींत आणि तेवढ्यांतच शोध करावा. तेथेंही विलंब लागला तर यंत्राकडे बोट दाखविण्यास जागा आहे. उत्तर तत्काळ आलें तर मात्र यंत्र निर्दोष असून मांडणी सदोष आहे असें समजावें. कांहीं प्रोग्रॅम गाण्यांची यादी ठेवीतच नाहींत. प्रत्येक शोधाच्या वेळीं ते एकेक गाणें उघडून त्याचें नांव वाचतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागीं जाण्यास सुमारें १० सहस्रांश सेकंद लागतात. गाणीं २०,००० असतील तर नुसत्या या धांवपळींत २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक वेळ जातो. हीच नांवें अकारविल्हे लावून ठेविलीं, आणि यादी मधोमध उघडून "याच्या आधीं कीं नंतर?" असें विचारीत प्रत्येक वेळीं निम्मा भाग सोडून दिला, तर फार तर १५ प्रश्नांत नांव हातीं लागतें. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब कागदावर स्वतः करून पाहावा.

तात्पर्य, गाणीं त्या मोठ्या डिस्कवरच राहूं द्यावींत; त्यांची यादी मात्र संगणकाच्या आंतील एस्. एस्. डी. वर ठेवणारा प्रोग्रॅम योजावा. नवीं गाणीं भरल्यावर अशा प्रोग्रॅमला यादी पुरी करण्यास रात्रभर अवकाश द्यावा. तें काम चालूं असतां शोध मंद होतो, आणि लोक तोच त्याचा स्वभाव समजून बसतात!

यादींतही प्रकार आहेत. आपल्या अभंगांच्या गाथांना शेवटीं अकारादि अनुक्रमणिका जोडलेली असते. पण ती चरणाच्या पहिल्या शब्दावरून लावलेली. मधला एखादा शब्दच आठवत असेल तर ती निरुपयोगी ठरते. संगणकाचेंही तसेंच आहे. मधल्या शब्दावरून शोध हवा असेल तर प्रत्येक शब्दाची निराळी सूची करावी लागते. नांदेडकरांना याचें उदाहरण दूर शोधावयास नको. श्रीगुरु ग्रंथसाहिबाचीं पृष्ठें १,४३०; त्यांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, आणि त्या नामदेवांचें जन्मगांव म्हणून हिंगोली जिल्ह्यांतील नरसी मानितात. 'सिखी टू द मॅक्स' या प्रोग्रॅममध्यें ओळींतील शब्दांचीं केवळ आद्याक्षरें ओळीनें टिपलीं कीं ती ओळ समोर येते. गाणारा कोठें अडतो व त्याला काय आठवतें, याचा विचार करून केलेली ही योजना मला फार आवडते. आमच्या 'उपासना संगीता'तील गीताचा क्रमांक हा तर सर्वांत जलद शोध होय. पण तो पाठ असणारे वडील मंडळींतच पाहावे.

आतां नांवांविषयीं. नांदेडचे गायक पंडित नाथराव नेरळकर (१९३५-२०२१) यांचें आडनांव एकानें 'नेरळकर', दुसऱ्यानें 'नेरलकर' व तिसऱ्यानें रोमन अक्षरांत लिहिलें, तर संगणकाच्या लेखीं ते तीन गायक झाले. 'ॲ' हें एक अक्षर म्हणून लिहितां येतें, आणि 'अ' वर चंद्र देऊनही. डोळ्यांस दोन्ही सारखींच दिसतात, पण यंत्रास तीं भिन्न वाटतात. जुन्या फाँटमध्यें लिहिलेलीं नांवें तर आज निव्वळ गिचमिड दिसतात. शोध उशिरां लागणें एक वेळ परवडलें. परंतु पांपणी लवण्याच्या आंत "कांहीं सांपडलें नाहीं" असें उत्तर आलें, तर आपण तें खरें मानून उठून जातों, हें अधिक वाईट.

पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं जात्यावरच्या ओव्या जमविल्या, त्या एक लक्ष दहा हजारांहून अधिक, आणि सहस्राहून अधिक गांवांतील. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या ओव्याही त्यांत आहेत. त्यांनीं ओवीबरोबर गाणारीचें नांव व गांव नोंदविलें, आणि विषयवार वर्गवारी करून संकेतांक दिले. म्हणूनच बर्नार्ड बेल यांना तो संग्रह संगणकावर बसवितां आला, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या क्रमाक्रमानें सर्वांस ऐकावयास मिळूं लागल्या. येथें मेहनत माणसांची होती. यंत्रानें ती वाहून नेली इतकेंच.

उलट आमच्या घरांतील आजीची ओवी फोनमध्यें तारखेच्या आंकड्यांखालीं पडलेली असते. ती कोणीं, कोठें व कोणत्या प्रसंगीं म्हटली, हें सांगणारें माणूस आज घरांत आहे. येत्या सुटींत विद्यार्थ्यांनीं तिच्याजवळ बसून पहिली ओळ, गाणारीचें नांव, गांव आणि दिवस एवढें जरी एकाच लेखनपद्धतीनें वहींत उतरविलें, तरी तें संगणकावर चढविण्यास चार संध्याकाळ पुरतील. आईबापांनीं या कामाला अभ्यासांत मोडावें अशी माझी विनंती आहे.

एक इशारा राहिला. काल-परवांपर्यंत चपळ असलेली डिस्क एकाएकीं मंद झाली, अथवा तिच्यांतून टकटक असा आवाज येऊं लागला, तर याद्यांच्या खटपटींत पडूं नये. ती डिस्कच शेवटास आली असण्याचा संभव आहे. त्याच दिवशीं, तिच्यावर दुसरें कांहींही न करितां, दुसरीकडे नक्कल उतरून घ्यावी, व ती आजीच्या ओव्यांपासून आरंभावी. सिनेमाचीं गाणीं मागाहून कोठूनही मिळतील.