कोकणच्या वाटेवरचे वेळापत्रक

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की माझ्या दवाखान्यात एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, गाडीने कोकणात निघालो आहोत, उलटीच्या गोळ्या लिहून द्या." गोळ्या लिहिता लिहिता मी विचारतो, "गाडीत कोण कोण आहे? आणि कोणत्या दिवशी कुठवर जाणार?" उत्तर बहुधा ठरलेले असते. आजी-आजोबा, दोन मुले आणि आम्ही दोघे. पहिल्या दिवशी हरिहरेश्वर, दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे, तिसऱ्या दिवशी मालवण. "नकाशावर अंतर काही फार नाही, डॉक्टर."

नकाशावर ते खरोखरच फार दिसत नाही. परंतु किनाऱ्याला बिलगून जाणारा रस्ता खाड्यांनी तोडलेला आहे. मुरुडहून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्यानेच जायचे म्हटले, तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. पाण्यावरचा प्रवास थोड्या मिनिटांचा. सुट्टीच्या दिवसांतली जेटीवरची रांग मात्र तासाभराचीही असू शकते. त्यात चढउतार, नागमोडी वळणे आणि गावांतले अरुंद रस्ते. म्हणून मी ताशी तीस किलोमीटर एवढाच वेग धरून हिशेब करतो. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही याच वाटेने निघालो होतो. माझे वडील तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि मधुमेह वीस वर्षांचा जुना. हरिहरेश्वरहून पहाटे निघून बागमांडल्याची पहिली बोट गाठायची आणि न्याहारी पलीकडे करायची, असा माझा बेत होता. वडिलांनी शिस्तीप्रमाणे सकाळची गोळी घेतली. जेटीवर रांग होती. पहिली बोट गेली, दुसरीही गेली. पलीकडे उतरलो, तर खाण्याची सोय दिसेना. "केळशीला खाऊ," असे म्हणत मी गाडी दामटली. एरवी अखंड बोलणारे वडील गप्प झाले होते. लवकर उठल्यामुळे डोळा लागला असेल, असे मी मानले. एवढ्यात मागून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबांचा हात ओलाचिंब झालाय. आणि ते मला आत्याच्या नावाने हाक मारतायत."

रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र डिकीत, सर्वांत खालच्या बॅगेत होते. ते काढण्यात गेलेली मिनिटे मला अजून आठवतात. साखर भरली ४६. मुलीजवळच्या आमरसाच्या डबीने वेळ निभावली. पाव तासाने वडील भानावर आले. मी विचारले, "भूक लागली होती, तर बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "तुझी बोट चुकली असती रे."

त्या गाडीत एक डॉक्टर होता आणि त्याचे लक्ष घड्याळाकडे होते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि तोच वाचकांना सांगतो. सहलीचे वेळापत्रक गाडीतल्या सर्वांत नाजूक प्रवाशाच्या शरीरावरून आखावे. कारण ज्याला त्रास होतो, तो बहुधा इतरांचा विरस होऊ नये म्हणून गप्प बसतो.

दिवसाकाठी चार-पाच तासांपेक्षा अधिक प्रवास ठरवू नये. जेवणाआधी घ्यायची साखर उतरवणारी गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन जेवणाशी जोडलेले असते, घड्याळाशी नव्हे. तेव्हा खाणे समोर आल्याशिवाय ते घेऊ नये. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे किंवा अकारण शांतपणा दिसताच साखर मोजावी. ती ७० पेक्षा कमी असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पाव तासाने पुन्हा मोजावे. यंत्र हाताशी नसेल, तर साखर देण्यासाठी थांबून राहू नये. शुद्ध हरपली असेल, तर तोंडावाटे काहीही न देता रुग्णालय गाठावे. यंत्र, साखर, बिस्किटे, रोजची औषधे आणि औषधांची चिठ्ठी यांची पिशवी पुढच्या आसनापाशी असावी. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत इन्सुलिन मुळीच ठेवू नये. ते थेट बर्फावरही ठेवू नये.

घरातील वयस्कर स्त्रियांविषयी विशेष सांगावेसे वाटते. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कोकणच्या दमट उकाड्यात त्याचे पर्यवसान चक्कर येण्यात किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गात होते. म्हणून थांबे ठरवताना देखाव्याआधी ही सोय पाहावी. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर प्रवासात ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. मनाने बंद करू नये. दर दोन तासांनी सर्वांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे; त्याने पायांवरची सूज टळते.

आता उलटीच्या गोळीविषयी. कान सांगतो की आपण हलतो आहोत आणि मोबाइलवर खिळलेली नजर सांगते की आपण स्थिर आहोत. या विसंवादातून मळमळ उद्भवते. घाट येताच मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा, खिडकी उघडावी, दूरवर पाहायला लावावे. पोट रिकामे नसावे, तुडुंबही नसावे. गोळी घ्यायचीच, तर घाट लागण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. मुलांना डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावी. तिने झोप येते, म्हणून चालकाने ती घेऊ नये. चालकाने आणखी एक पथ्य पाळावे. माशाचे जेवण, भात आणि सोलकढी झाल्यावर दुपारी डोळे जड होतात. तेव्हा अर्धा तास आडवे व्हावे आणि मगच चाक हाती घ्यावे.

श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी येथील रुग्णालये कागदावर टिपून ठेवावीत. खाडीच्या खोलगट भागात मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस चार दिवसांत दापोलीच्या पुढे सरकलो नाही. बागमांडल्याला पोहोचण्याआधी आठ वाजता न्याहारीला थांबलो, त्यामुळे जेटीवर उतरत होतो तेव्हा बोट नुकतीच सुटत होती. मी सवयीने घड्याळ पाहिले. वडील म्हणाले, "जाऊ दे. घावन छान होते."