छागलांचं नाव घेताय? मग पूर्ण घ्या

एखाद्या न्यायाधीशाला निवृत्तीनंतर सरकारनं पद दिलं की ग्रुपवर ठरलेली जुगलबंदी सुरू होते. एक जण गोगोईंचं नाव घेतो. दुसरा लगेच विचारतो, काँग्रेसच्या काळात काय वेगळं होतं? नेहरूंनी छागलांना राजदूत नाही का केलं? झालं, वाद मिटला म्हणे.

मला तर वाटतं तो तिथून सुरू होतो.

एम. सी. छागला म्हणजे मुंबईच्या खोजा कुटुंबातला मुलगा. जन्म १९००. ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झाले, १९२२ ला मुंबई हायकोर्टात आले. जिनांच्या चेंबरमध्ये काम केलं. पुढे १९२८ च्या नेहरू अहवालावरून दोघांचं बिनसलं, ते कायमचं. १९४१ ला न्यायाधीश आणि १९४७ पासून अकरा वर्षं मुख्य न्यायाधीश. ज्या कोर्टात १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तिथे टिळकांच्या शब्दांचा फलक १९५६ मध्ये बसला, तो यांच्याच हस्ते.

आता १९५८ साल नीट बघा. एलआयसीनं हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास शेअर घेतले होते. फिरोज गांधींनी लोकसभेत ते बाहेर काढलं. चौकशी छागलांकडे आली. त्यांनी ती उघड्यावर घेतली. गर्दी इतकी, की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. महिन्याभरात अहवाल तयार! फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी घरी गेले. आज आयोगाला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते, त्यापुढे हे स्वप्नच वाटतं.

आणि त्याच वर्षी, त्याच सरकारनं छागलांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं.

बरं, एवढंच असतं तर चाललं असतं. पण तेव्हा मोतीलाल सेटलवाडांच्या अध्यक्षतेखाली विधी आयोग बसला होता. निवृत्तीनंतर न्यायाधीशांनी सरकारी पद घेऊ नये, अशी शिफारस त्या आयोगानं एकमतानं केली. छागला त्या आयोगाचे सदस्य होते. अहवालावर त्यांची सही आहे. सही झाली आणि थोड्याच दिवसांत साहेब वॉशिंग्टनला. सेटलवाडांनी पुढे आत्मचरित्रात हे चांगलंच सुनावलंय.

राजदूत म्हणून ते कमी पडले असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्याच काळात आयझेनहॉवर भारतात येऊन गेले, १९६० चा मोठा धान्य करार झाला. रेशनचा अमेरिकन गहू घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पुढे लंडनला उच्चायुक्त, मग शिक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री.

ज्या माणसानं अर्थमंत्र्याला घालवलं, त्यानं पदासाठी निकाल फिरवले असतील असं मला अजिबात वाटत नाही. पण हे आपण साठ-पासष्ट वर्षांनी बोलतोय. भूसंपादनाची केस सरकारविरुद्ध लढणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला समोरच्या न्यायाधीशाच्या मनातलं कसं कळणार? त्याला एवढंच दिसतं, की आज निकाल देणारा उद्या सरकारच्या गाडीतून फिरतो. गंमत बघा, सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला निवृत्तीनंतर देशातल्या कुठल्याही कोर्टात वकिली करायला घटनेची बंदी आहे. राज्यपाल व्हायला मात्र नाही.

दाखला देणारे आणखी एक गाळतात. १९६७ मध्ये उच्च शिक्षण प्रादेशिक भाषांतून द्यायचं सरकारचं धोरण पटलं नाही, म्हणून छागलांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडलं. (भाषेचा त्यांचा मुद्दा मला स्वतःला पटत नाही, तो वेगळा विषय.) आणीबाणीत पंचाहत्तरीचा हा माणूस अहमदाबादला जाऊन सरकारविरुद्ध उघड बोलला. छागलांचा दाखला द्यायचा तर हेही सांगा.

गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेत गेले. न्या. अब्दुल नझीर तर सहा आठवड्यांच्या आत राज्यपाल. माजी सरन्यायाधीश लोढांनी मध्ये दोन वर्षांचं अंतर ठेवा म्हटलं होतं, ते कुणी ऐकलं नाही. हे सरकार नाही, ते सरकारही नाही.

आपले खासदार कुठल्याही पक्षाचे असोत, पुढच्या वेळी भेटले की विचारा: दोन वर्षांच्या अटीचं विधेयक आलं तर हात वर करणार का? मीही विचारणार आहे. काय उत्तर मिळतं ते इथे टाकतो, तुम्हीही टाका.