खेळ अद्ययावत, डाव बेवारस

संगणकावरील खेळाची नवी आवृत्ती आली, तिच्यात जुनी सेव्ह फाइल उघडेनाशी झाली, तर खरा खेळाडू मुकाट्याने नवा डाव मांडतो. जो रुसून निघून जातो तो मुळात खेळाडूच नव्हे, असे एक मत हल्ली मोठ्या ऐटीत मांडले जाते. ते मांडणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांनी तो खेळ रचला ते. आणि दुसरे, ज्यांना दिवसाचे आठ तास रिकामे आहेत ते. या दोघांच्याही विधानाला आमचा विरोध आहे आणि तो आम्ही येथे जरा विस्ताराने नोंदवणार आहोत. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात खेळांची चर्चा कशाला, असे ज्या वाचकांना वाटेल त्यांना एवढेच सांगतो की, बदलीच्या गावी, जेथे मराठी नाटक वर्षातून एकदा गणेशोत्सवात दिसते, तेथे रात्री साडेनऊनंतरचा तास आपल्यापैकी पुष्कळजण कशात घालवतात हे आपण सर्व जाणतो. फक्त चारचौघांत बोलत नाही.

सेव्ह फाइल म्हणजे काय, हे प्रथम नीट पाहिले पाहिजे, कारण या वादातला निम्मा घोळ तेथेच आहे. खेळाचे नियम, चित्रे, ध्वनी हे सारे निर्मात्याचे. सेव्ह फाइलीत असते ती खेळणाऱ्याने काय केले त्याची नोंद. माइनक्राफ्टमध्ये कोणता ठोकळा कोठे रचला, स्टारड्यू व्हॅलीत कोणत्या वाफ्यात काय पेरले आणि गावातल्या कोणाशी किती स्नेह जुळला, फॅक्टोरिओत कोणता पट्टा कोणत्या यंत्रापर्यंत नेला, हे तिच्यात असते. आपल्या कार्यालयीन भाषेत बोलायचे तर खेळ ही नियमावली आणि सेव्ह फाइल ही सेवापुस्तिका. नियमावली बदलण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहेच. परंतु नवी नियमावली निघाली, तीत जुन्या सेवापुस्तिका वाचता येत नाहीत, सबब सर्वांनी उद्यापासून नवनियुक्त कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू व्हावे, असे परिपत्रक कोणी काढले तर आपण काय म्हणू? सातव्या वेतन आयोगाने 1 जानेवारी 2016 पासून जुन्या वेतनश्रेण्या मोडून नवा तक्ता मांडला. पण प्रत्येकाच्या मूळ वेतनाला 2.57 ने गुणून त्या तक्त्यात त्याला त्याची जागा दिली. गुणक अपुरा म्हणून आपण यथेच्छ कुरकुर केली. जागाच दिली नाही, अशी तक्रार कोणाला करावी लागली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फाइल मोडल्यामुळे लोक खेळ सोडतात काय? विरोधक म्हणतात की सोडणारे आधीच कंटाळलेले असतात, मोडलेली फाइल हे केवळ निमित्त. हे वरवर पटण्याजोगे आहे आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणे अगत्याचे आहे. बाजूला ठेवणे आणि सोडणे या दोन क्रिया एक नव्हेत. दिवाळी अंकातली दीर्घकथा अर्धी वाचून, पानाचा कोपरा दुमडून आपण अंक फडताळात ठेवतो आणि मे महिन्यात पुन्हा काढतो. म्हणून ती कथा आपण टाकून दिली असे कोणी म्हणत नाही. खेळांचेही तसेच आहे. प्रौढ, संसारी माणूस एखादा खेळ तीन महिने खेळतो, मग बदली होते, मुलांच्या परीक्षा येतात, मार्चअखेरचे हिशेब येतात, आणि शेत तसेच राहते. वर्षा-दीड वर्षाने तो पुन्हा येतो. का येतो? तर बहुधा नवी आवृत्ती आल्याची वार्ता कानी पडते म्हणून! आपल्या जुन्या शेतात नवे काय आले ते पाहावे, ही त्याची ओढ असते. म्हणजे ज्या वार्तेने त्याला परत बोलावले, तिनेच उंबरठ्यावर त्याला सांगावे की तुझे शेत आता उघडत नाही. अशा वेळी तो नवा डाव मांडील, ही अपेक्षा करणाऱ्याने माणसे फारशी पाहिलेली नसावीत. तो नव्या वैशिष्ट्यांसाठी आलेला नसतोच. ती आपल्या जुन्या घरात पाहण्यासाठी आलेला असतो.

थोडे गणित करू. दीडशे तासांचा डाव हा या प्रकारच्या खेळांत काही फार मोठा डाव नव्हे. महाविद्यालयीन मुलाला तो उन्हाळ्याच्या एका सुटीत पुन्हा उभारता येतो. आठवड्याचे पाच दिवस, दररोज एक तास, एवढीच ज्याची मिळकत आहे त्याला त्याच डावाला तीस आठवडे लागतात. सात महिने! नवा डाव मांडा, असे दोघांना एकाच सुरात सांगणे म्हणजे दोघांकडून सारखाच दंड वसूल करणे, आणि त्यातल्या एकाचा खिसा रिकामा आहे हे न पाहणे. शिवाय यातला मुलगा संतापून पानेच्या पाने तक्रार लिहितो आणि मग तेथेच राहून खेळतो. संसारी माणूस एक ओळही लिहीत नाही. तो संगणक बंद करतो आणि झोपतो. निर्माते तक्रारी वाचतात, तक्रार करणारे अजून खेळत आहेत असे पाहतात आणि निष्कर्ष काढतात की फाइली मोडल्याने कोणी जात नाही. जे गेले ते बोललेच नाहीत, हा साधा विचार त्या निष्कर्षात कोठेही नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. ‘रस्ट’ या खेळात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सगळे जग पुसले जाते आणि लोक त्या दिवसाची वाट पाहत बसतात. ‘पाथ ऑफ एग्झाइल’मध्ये दर काही महिन्यांनी नवा हंगाम लागतो आणि हजारो हौशी शून्यापासून आरंभ करतात. मग आरंभ करणे एवढे दुःसह कसे? आमचे उत्तर असे की, वाळूत किल्ला बांधणाऱ्याला भरती ठाऊक असते. रस्टचा खेळाडू पहिल्या दिवसापासून जाणतो की हे घर महिन्याचे आहे. पाथ ऑफ एग्झाइलमधले जुने पात्र तर हंगाम संपल्यावर कायमच्या दालनात सुखरूप जाते. ‘बॉल्डर्स गेट 3’ हा खेळ 6 ऑक्टोबर 2020 रोजी अपुऱ्या अवस्थेत विक्रीस आला आणि 3 ऑगस्ट 2023 रोजी पूर्ण झाला. मधल्या काळातले डाव पूर्ण खेळात चालणार नाहीत, हे घेणाऱ्यांना आधीच सांगितलेले होते. तेथे आमची तक्रार नाही. कराराने गेलेली वस्तू आणि चोरीस गेलेली वस्तू यांतला भेद विरोधकांना कळत नाही असे नाही. तो कळून घेण्यात त्यांची सोय नाही.

तिसरे एक समर्थन ऐकू येते: तांत्रिक अडचण. जुने डाव नव्या नियमांत बसवणे अशक्य असते, असे ठणकावून सांगितले की सामान्य माणूस गप्प बसतो. काही वेळा ते खरेही असते. ‘स्टेलारिस’ या अंतराळसाम्राज्याच्या खेळात 2016 पासून प्रवासाच्या तीन पद्धती होत्या, आणि कोणत्या साम्राज्याने कोणती निवडली यावर सगळे नकाशे, सगळ्या छावण्या, सगळी युद्धे अवलंबून असत. 22 फेब्रुवारी 2018 च्या 2.0 या आवृत्तीने त्यांतली एकच, ठरीव मार्गांची, आरंभीची पद्धत म्हणून ठेवली. ज्याचे साम्राज्य वर्महोलांच्या आधारावर उभे होते त्याला नव्या नकाशात काय देणार? त्याच वर्षी 6 डिसेंबरला 2.2 ने ग्रहांवरील वस्तीची व्यवस्थाही समूळ बदलली. हे बदल इष्ट की अनिष्ट, यावर आमचे मत काही असो. पण पॅराडॉक्सने एक गोष्ट केली. जुन्या आवृत्त्या स्टीमवर निवडण्याजोग्या ठेवल्या. ज्याला आपले जुने युद्ध संपवायचे होते त्याने ते जुन्या नियमांनी संपवावे. ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’च्या निर्मात्यांनीही हेच केले. त्यांच्या 42 व्या बांधणीत 41 व्या बांधणीचे डाव चालत नाहीत. पण 17 डिसेंबर 2024 रोजी ती खुली केली ती वेगळ्या शाखेवर, म्हणजे ज्याने मागितली त्यालाच मिळाली. तात्पर्य, रूपांतर अशक्य असले तरी दार उघडे ठेवणे अशक्य नसते.

आणि रूपांतर तरी किती वेळा खरोखर अशक्य असते? माइनक्राफ्टमध्ये पूर्वी प्रत्येक ठोकळ्याला आकडा होता, दगडाला 1. जुलै 2018 च्या 1.13 आवृत्तीने आकडे काढून नावे दिली. याहून मूलगामी बदल कोणता असणार? तरी जुनी जगे उघडली, कारण प्रत्येक जुन्या आकड्याला नवे नाव देणारी रूपांतराची आज्ञावली मोजांगने लिहिली, आणि त्याच वर्षी ती सर्वांना खुलीही केली. 30 नोव्हेंबर 2021 रोजी 1.18 आली तेव्हा जगाची उंची 256 ठोकळ्यांची 384 झाली. जुन्या जगाचा तळ अभेद्य खडकाचा; त्याच्याखाली आता काहीच नसणार, असे वाटावे. पण जुने जग उघडताच त्या तळाखाली नवे थर रचले जातात आणि नव्या-जुन्या भूमीच्या सीमेवर डोंगर तुटक दिसू नयेत म्हणून त्यांचा उतार हळूहळू जुळवला जातो. वरचे घर जागच्या जागी राहते.

प्रागच्या मंडळींच्या फॅक्टोरिओचे उदाहरण आम्हांला याहून प्रिय आहे. 21 ऑक्टोबर 2024 च्या 2.0 आवृत्तीत त्यांनी आगगाडीच्या रुळांची घडणच बदलली. नवी वळणे जुन्या वळणांशी जुळत नाहीत. मग जुन्या डावांतील शेकडो मैलांचे रूळ उखडले काय? मुळीच नाही. जुने रूळ जुन्या डावात ‘वारसा’ म्हणून तसेच राहिले, गाड्या त्यांवरून धावतात. नवे मात्र नव्या घडणीचे टाकायचे. 1 जानेवारी 2004 पूर्वी सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन आणि नंतरच्यांना नवी, तसाच हा प्रकार. (आमच्या वाट्याला नवी आली, हे दुःख निराळे.) आणि स्टारड्यू व्हॅली? एरिक बॅरोन या एकट्या माणसाने रचलेला खेळ 26 फेब्रुवारी 2016 ला निघाला. 19 मार्च 2024 ला त्याची 1.6 आवृत्ती आली, आणि आठ वर्षांपूर्वीची शेते तीत उघडली. एका माणसाच्या उद्योगाला जे जमले ते शेकडो पगारी आज्ञावलीकारांच्या कंपन्यांना जमत नाही, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ‘जमत नाही’ या शब्दांचा अर्थ ‘अंदाजपत्रकात तरतूद केलेली नाही’ असा घ्यावा. आपल्याला तो नवा नाही.

ज्या प्रकाराने आमचा खरा संताप झाला तो मात्र याहून वेगळा आहे. एप्रिल 2024 मध्ये ‘फॉलआउट’ ही मालिका प्रसारित झाली आणि तिच्या कौतुकाने अनेकांनी 2015 सालचा ‘फॉलआउट 4’ पुन्हा काढला. जुनी पात्रे, जुन्या वस्त्या, सारे धूळ झटकून उभे राहिले. पंधरा दिवसांत, 25 एप्रिलला, बेथेस्डाने त्या खेळाची विनामूल्य नवी आवृत्ती धाडली. तिने खेळाचे मूळ अंग बदलले. त्यावर आधारलेले ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ हे खेळाडूंनीच घडवलेले साधन बंद पडले, आणि त्या साधनावर ज्या असंख्य जोडण्या, म्हणजे मॉड, अवलंबून होत्या त्याही अडल्या. त्यांच्या आधाराने वर्षानुवर्षे चालवलेले डाव, फाइल शाबूत असूनही, खेळता येईनात. ब्रिटनमधील हौशी मंडळींनी अनेक वर्षे खपून रचलेला ‘फॉलआउट : लंडन’ हा प्रचंड उपक्रम 23 एप्रिलला निघायचा होता, या येऊ घातलेल्या आवृत्तीमुळे तो पुढे ढकलावा लागला आणि 25 जुलैला निघाला, तोही मूळ खेळ मागच्या आवृत्तीवर नेऊन खेळण्याच्या अटीवर. फुकट दिले ना, मग तक्रार कशाची, असे विचारणारे येथेही भेटतात. घरमालकाने भाडेकरूच्या घराला न विचारता फुकट रंग दिला आणि त्या गडबडीत त्याची बाग तुडवली, तर रंगाची पावती दाखवून बागेचा हिशेब चुकता होत नाही.

या सर्व प्रकरणात मुख्य दोष सक्तीचा आहे. स्टीमवर खेळाच्या अद्ययावतीकरणाचे पर्याय पाहावेत. ‘मी सांगेपर्यंत करू नका’ हा पर्याय त्या यादीत नाही. गॉग या विक्रेत्याकडून घेतलेल्या खेळाची स्थापना-फाइल उतरवून आपल्यापाशी ठेवता येते. म्हणजे तसे करता येणे शक्य आहे. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूची कोणती प्रत आपण वापरावी हे आपणच ठरवावे, ही काही क्रांतिकारक मागणी नव्हे. आमचे म्हणणे असे की, पूर्ण म्हणून विकलेल्या खेळाच्या निर्मात्याने जुना डाव नव्या आवृत्तीत आणून द्यावा. ते खरोखरच होत नसेल तर आवृत्ती येण्याच्या पुरेसे आधी तसे ठळक सांगावे, आणि मागील आवृत्ती कायम उपलब्ध ठेवावी. यांपैकी काहीच न करता जो ‘खऱ्या खेळाडूं’ची व्याख्या आम्हांला शिकवतो, त्याचा पुढचा खेळ आम्ही घेणार नाही, आणि वाचकांनीही घेऊ नये.

तोवर प्रत्येकाने आपला बंदोबस्त आपणच करावा हे बरे. स्टारड्यू आपल्या प्रत्येक शेताच्या शेजारी मागच्या वेळची एक प्रत ‘ओल्ड’ अशा शेपटीने स्वतःच ठेवतो. बहुतेक खेळ ठेवत नाहीत. सेव्ह फाइलींची घडी कोठे असते ते एकदा शोधून तिची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी, तीवर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि बदलीचा हुकूम आल्यावर सामान बांधताना तो पेनड्राइव्ह सेवापुस्तिकेच्या नकलेबरोबर, हाताशी राहील अशा पेटीत ठेवावा.